सगळ्यांचा चुकलेला प्रश्न

पन्नाशी जवळ आलेली असताना मला एका परीक्षेत शून्य मार्क मिळाले. विषय माझाच होता, वीज. जो विषय मी आष्ट्याजवळच्या एका आयटीआयमध्ये वीस वर्षं शिकवत होतो, तोच.

साताऱ्याला आम्हा निदेशकांचं, म्हणजे आयटीआयच्या मास्तरांचं, पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. आता लेखी परीक्षा कागदावर नाही, कॉम्प्युटरवर होणार; मुलांची तयारी कशी करून घ्यायची ते आम्हाला सांगत होते. शेवटच्या दिवशी आम्हालाच तशी परीक्षा द्यायला बसवलं. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. मी पंचवीस मिनिटांत सगळे प्रश्न संपवले आणि हाताची घडी घालून बाकीच्यांची धांदल बघत बसलो. निकाल पडद्यावर आला तेव्हा माझ्या नावापुढे शून्य होतं.

शिकवायला आलेली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "सर, तुमची उत्तरं बरोबर असतील हो. पण तुम्ही 'जतन करा' दाबलंच नाही. नुसतंच 'पुढे' दाबत गेलात."

दुपारी मला पुन्हा बसवलं. शेहेचाळीस मिळाले. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "बरं झालं. आता पोरांना बोलताना जरा जीभ आवराल."

मी जिभेचा तिखट होतो, हे खरं आहे. मूळचा रहिमतपूरचा, बोलणं आधीच रोखठोक, त्यात वर्कशॉपमध्ये जन्म गेलेला. मुलांची परीक्षा घ्यायची माझी पद्धत ठरलेली होती. समोर उभं करायचं, हातात पक्कड द्यायची आणि काम करता करता प्रश्न विचारायचे. लेखी पेपर म्हणजे माझ्या दृष्टीनं एक उपचार होता. जुन्या गाइडातून प्रश्न काढायचे, लाल पेन घ्यायचं, एका रविवारी तपासून टाकायचे. म्हणून कॉम्प्युटरची परीक्षा आली तेव्हा मी मनातून नाराजच होतो. ज्याला वायर सोलता येते त्याला माऊस हलवता आलाच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?

त्याच वर्षी इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या कोर्सला ती आली.

वय अडतीस. जवळच्याच गावातली, उसाची शेती असलेल्या घरातली सून. नवरा फौजेत, लांब कुठंतरी बर्फात. मुलगी दहावीला. वर्गात एकोणीस मुलं आणि ही एक. पहिल्या दिवशी हातात दहावीचं जुनं सर्टिफिकेट घेऊन दारात उभी राहिली. मला वाटलं, मुलाच्या प्रवेशाची चौकशी करायला आल्या आहेत.

मी विचारलं, "मुलगा कितवीत आहे?"

"मुलगा न्हाई सर. मीच हाय."

मग तिनं सांगितलं. विहिरीवरची मोटर बंद पडली की वायरमनला फोनवर फोन करायचे. तो आज येतो, उद्या येतो म्हणायचा. पाणी थांबलं की ऊस सुकायचा. एकदा चार दिवस असे गेले आणि वायरमन आला तेव्हा त्यानं पाच मिनिटांत एक तार घट्ट केली आणि निघून गेला. "मी शेजारी हुबं राहून बघत होते. म्हटलं, एवढंच हाय व्हय? हे तर मलाबी येईल."

आणि तिला खरंच आलं. वाइंडिंगचं काम मी इतकं नीट कुणाचं पाहिलेलं नाही. तांब्याची तार ती अशी बसवायची की एक वेढा दुसऱ्यावर चढायचा नाही. मुलं तिला ताई म्हणायची. मीही ताईच म्हणू लागलो. मुलांचं काम चुकलं की ती ओरडायची नाही. शेजारी बसून त्यांचं सोडवायची आणि "आता तू कर रं" म्हणायची.

पण कॉम्प्युटरसमोर बसवलं की ती वेगळीच बाई व्हायची. माऊस पक्कडीसारखा आवळून धरायची. पडद्यावरचा बाण कुठल्या कुठे उडायचा. तिला ब निवडायचा असायचा आणि ठिपका ड वर पडायचा. पहिल्या सराव परीक्षेत तिला पन्नासपैकी अकरा मिळाले. मुलं हसली नाहीत, पण ती उठून बाहेर गेली आणि बराच वेळ नळावर तोंड धूत राहिली.

परत आल्यावर म्हणाली, "सर, मला नापासच करा. ह्यो माझा परांत न्हाई."

तेव्हा मी माझ्या साताऱ्याच्या शून्याची गोष्ट तिला सांगितली. त्याआधी ती आयटीआयमध्ये कुणालाच माहीत नव्हती. ऐकताना तिनं पदर तोंडाला लावला, मग तिला हसू आवरेना. "तुमाला शून्य? विजेत?"

"विजेत."

"मग माजं अकरा बरंच हाईत की."

माऊसची सवय व्हावी म्हणून मी तिला कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा खेळ लावून दिला. रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास. पत्ता उचलायचा, ओढायचा, बरोबर जागी सोडायचा. पहिले दोन दिवस तिला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ती खेळात रमली. आणि नेमके चौथ्या दिवशी आमचे प्राचार्य लॅबमध्ये आले. एक प्रौढ विद्यार्थिनी कॉम्प्युटरवर पत्ते खेळतेय आणि निदेशक मागं उभा राहून "लाल नव्वी काळ्या दश्शीवर ठेवा" असं सांगतोय, हे पाहून ते जागीच थांबले.

"हे काय चाललंय?"

मी काही बोलायच्या आत ताई उभ्या राहिल्या. "सर, परीक्षेची तयारी."

प्राचार्य भले गृहस्थ. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "दरवाजा लावून घ्या. बाकीच्यांनी पाहिलं तर सगळीच तयारी करतील."

दुसरी अडचण भाषेची. प्रश्न वर इंग्रजीत असायचा आणि खाली मराठीत. ती मराठी अशी की मला स्वतःला आधी इंग्रजी वाचून मग मराठी समजायची. अर्थिंगला 'भूसंपर्कन'. इन्सुलेशनला 'विद्युतरोधन'. ताई एकेक शब्द मोठ्यानं वाचायच्या आणि विचारायच्या, "सर, ही मराठी कुठल्या गावची?" भूसंपर्कन म्हणजे त्यांना जमिनीच्या मोजणीचं काही वाटलं होतं. मग आम्ही एक वही केली. डाव्या बाजूला पडद्यावरचा शब्द, उजव्या बाजूला वर्कशॉपमधला. ती वही मुलांमध्ये इतकी फिरली की तिचं पुठ्ठ्याचं कव्हर सुटलं आणि कुणीतरी त्याला इन्सुलेशन टेप लावली.

सराव परीक्षांसाठी मी स्वतः प्रश्न तयार करत होतो. तयार म्हणजे काय, माझ्या जुन्या पेपरांतलेच कॉम्प्युटरवर चढवत होतो. उत्तरं चढवली की बाकीचं काम मशीन करायचं. लाल पेन लागत नव्हतं, रविवार मोकळा मिळत होता, आणि मला हळूहळू हे प्रकरण आवडायला लागलं होतं. शिवाय परीक्षा संपली की एक तक्ता यायचा. उभ्या रकान्यांत प्रश्न, आडव्या ओळींत विद्यार्थी. बरोबर उत्तर हिरवं, चुकीचं लाल.

डिसेंबरमधल्या एका सरावात सतरा नंबरचा रकाना वरपासून खालपर्यंत लाल आला. वीसपैकी वीस चूक.

मी भडकलो. जीभ आवरायचं विसरलो. वर्गात जाऊन म्हणालो, "इतका सोपा प्रश्न! एकालाही येऊ नये? सहा महिने मी काय भिंतीला शिकवत होतो?" आणि प्रश्न वाचून दाखवला. थ्री फेज मोटर चालू केल्यावर नुसता घुमल्यासारखा आवाज करते, पण फिरत नाही. प्रथम काय कराल? चार पर्याय होते. बेअरिंग बदलणे, तिन्ही फेज येतात का पाहणे, मोटर खोलून वाइंडिंग तपासणे, केबल बदलणे.

"उत्तर आहे मोटर खोलून वाइंडिंग तपासणे. सगळ्यांनी काय लिहिलंय? तिन्ही फेज पाहणे!"

मुलांनी माना खाली घातल्या. ताईंनी हात वर केला.

"सर, रागवू नका. पन प्रश्नच चुकलाय."

"प्रश्न चुकलाय?"

"उत्तर चुकलंय म्हणा. विहिरीवर मोटर घुमाया लागली की मी कवाबी पयलं फेज बघते. एक फेज गेला असला की ती अशीच घुमती. मोटर खोलायची म्हंजे अर्धा दिस गेला. खोलून बघायचं आन मग कळायचं की फ्यूजच उडालाय, तर मालक काय म्हणंल?"

मी म्हणालो, "पुस्तकात दिलंय." म्हणताना मला माझाच आवाज पोकळ वाटला.

"मग बघूया की. मोटर हाय, फ्यूज हाय."

आम्ही सगळे वर्कशॉपमध्ये गेलो. ताईंनी मेन स्विच बंद केला, एका फेजचा फ्यूज काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "लावा सर." मी स्टार्टर दाबला. मोटर जागच्या जागी घुमत राहिली, फिरली नाही. दोन-तीन सेकंदांत मी बंद केली. फ्यूज परत बसवला, पुन्हा दाबलं. मोटर सुरळीत फिरू लागली.

खरं सांगायचं तर हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच त्यांना शिकवलं होतं. ऑगस्टमध्ये, त्याच मोटरवर. पण प्रश्न आणि उत्तर मी गाइडातून न वाचता उतरवलं होतं.

वर्गात परत आलो. मी मुलांची माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच मागत होतो, त्यामुळे नीट जमली नाही. "सगळ्यांना एक मार्क वाढवतो," म्हणालो आणि खुर्चीत बसलो.

सुट्टीत कपाट उघडून जुने पेपर काढले. तो प्रश्न सहा वर्षं माझ्या पेपरांत होता. दरवर्षी मी लाल पेननं त्यावर फुली मारत आलो होतो. एकेक पेपर हातात घेऊन तपासताना मला कधी दिसलंच नव्हतं की हुशार मुलंही तिथंच चुकतायत, आणि सगळी एकाच दिशेनं चुकतायत. कॉम्प्युटरनं ते सगळं एकाखाली एक मांडलं तेव्हा दिसलं. ज्या यंत्रावर मी सहा महिने नाक मुरडत होतो, त्यानं मुलांची नाही, माझी चूक पकडली होती. खरं तर अर्धीच पकडली होती. चुकलंय कोण, हे ताईंनी सांगितलं.

त्या जुन्या पेपरांतला एक माझा आवडता विद्यार्थी आता एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. राहवलं नाही म्हणून त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो हसला.

"सर, मला आठवतंय की. त्या दिवशी घरी जाऊन मी वही उघडून बघितली होती. वहीत तुमीच सांगितलेलं होतं, आदी फेज बघा."

"मग बोलला का नाहीस, गड्या?"

"तुमाला कोन बोलणार?"

त्यानंतर दर परीक्षेनंतर तक्ता वर्गातच भिंतीवर दाखवायचा, असा नियम केला. जिथं लाल जास्त, तिथं आधी प्रश्नाची चौकशी, मग मुलांची. मुलांना यात भलतीच मजा यायला लागली. माझे आणखी तीन प्रश्न त्यांनी असेच बाद केले.

वर्षाअखेरची परीक्षा सांगलीला होती, एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. आम्ही सगळे सकाळच्या एसटीनं निघालो. तुंग गेलं, डिग्रज गेलं, ताई खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत शब्दांची वही म्हणत होत्या. केंद्रावर निदेशकांना आत सोडत नाहीत. मी गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसलो. मुलं आत गेली. तासाभरानं एकदा आतल्या पंख्यांचा आवाज बंद झाला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद झाला. थोड्या वेळानं एक शिपाई पाण्याचा कूलर ढकलत व्हरांड्याच्या टोकाला आणताना दिसला. मला काहीच उमगेना.

आत काय झालं ते परतीच्या एसटीत ताईंनी सांगितलं.

परीक्षा सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि लॅबची लाइट ट्रिप झाली. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिले. कुणीतरी जाऊन स्विच वर केला. पाच-सात मिनिटांत पुन्हा ट्रिप. तिसऱ्यांदा बॅटरीनंही दम तोडला आणि सगळे पडदे काळे झाले. केंद्राचे लोक इलेक्ट्रिशियनला फोन लावत पळू लागले. आणि हॉलमध्ये शांतपणे बसले होते आमचे आणि दुसऱ्या आयटीआयचे मिळून चाळीसभर इलेक्ट्रिशियन, ज्यांना जागेवरून उठायची परवानगी नव्हती.

ताईंना आठवलं की आत येताना त्यांनी व्हरांड्यातल्या कूलरचं पाणी प्यायलं होतं आणि तोटीला हात लावल्यावर बोटांना बारीक झिणझिण्या आल्या होत्या. परीक्षेच्या भीतीनं असेल, असं समजून त्यांनी सोडून दिलं होतं. आता धागा जुळला. त्यांनी हात वर केला. पर्यवेक्षक बाई आल्या.

"मॅडम, कूलरची पिन काढा. त्याच्या बॉडीत करंट उतरतोय, म्हणून ट्रिप हुतंय."

"तुम्ही शांत बसा. परीक्षेत बोलायचं नाही."

"आवं, मी उत्तर न्हाई सांगत कुणाला. कूलरची पिन काढा म्हणते. कुणाला तरी शॉक बसंल."

'शॉक' हा शब्द ऐकल्यावर बाई बाहेर गेल्या. पिन निघाली. स्विच वर केला आणि तो वरच राहिला.

"पन सर, माजा जीव कशात होता सांगू?" ताई म्हणाल्या. "मला वाटलं, माजी सगळी उत्तरं गेली. तेवीस प्रश्न सोडवलेलं. आता पुन्ना पयल्यापासनं. आन कॉम्प्युटर लागला, तर सगळं जिथल्या तिथं. घड्याळबी थांबलेलं होतं. एक मिनिटबी खाल्लं न्हाई त्यानं."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते एखाद्या नव्या शेजाऱ्याबद्दल आपला गैरसमज दूर झाल्यावर दिसतं तसलं काही होतं. मुलांनी सांगलीतून भडंगाची मोठी पिशवी घेतली होती. आष्टा येईपर्यंत ती एसटीभर फिरली. कंडक्टरनंही मूठभर घेतलं.

निकाल मोबाइलवर लागला. प्रात्यक्षिकात ताई जिल्ह्यात कितव्या आल्या असतील ते मला माहीत नाही, पण आमच्या वर्गात पहिल्या. लेखीत पन्नासपैकी एकतीस. वर्गातल्या मधल्या मुलांएवढे. मला ते एकतीस फार मोलाचे वाटले. त्यातला एकही मार्क नशिबानं पडलेला नव्हता. नवऱ्याचा फोन आला, तो त्यांनी माझ्या हातात दिला. पलीकडून वाऱ्याचा घोंघाट येत होता. तो एवढंच म्हणाला, "सर, जय हिंद. तिला म्हणावं, पार्टी सुट्टीवर आल्यावर."

त्यांच्या सासऱ्यांना मात्र हे सगळं पसंत नव्हतं. प्रवेशाच्या वेळी एकदा आयटीआयत येऊन मला म्हणाले होते, "मास्तर, आमच्या सुनंनं खांबावर चढायचं व्हय आता?" दुसरं वर्ष संपता संपता तेच पुन्हा आले. मला वाटलं, तक्रार असणार. ते म्हणाले, "शेजारच्या गावातनं बाया येत्यात. मिक्सर, मोटर, काय काय घिऊन. तिला टेबल पायजे म्हणती उभं राहून काम करायला. उंची किती ठेवावी?" मी वर्कशॉपमधलं टेबल मोजून दिलं. त्यांनी काठीवर खडूनं खूण करून घेतली आणि गेले.

दुसऱ्या वर्षीही ताई पास झाल्या. आता गोठ्याच्या शेजारच्या खोलीत त्यांचं काम चालतं. अधूनमधून त्या आयटीआयत येतात, कधी जळालेला स्टार्टर घेऊन, कधी नुसता एखादा दोष सांगायला. मी तो प्रश्न म्हणून टाइप करून घेतो. गाइड मी कधीच कपाटात टाकलं. आमच्या सराव परीक्षेत आता निम्मे प्रश्न गावांतल्या खऱ्या मोटरींचे असतात, आणि मुलं ते सोडवताना पुढं सरकून बसतात.

गेल्या महिन्यात त्या एका बोअरच्या मोटरीची हकीकत सांगत होत्या. मी पर्याय लिहीत होतो. अ, ब, क, ड.

त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "सर, पन ह्या मोटरीत दोष दोन ठिकाणी होता. केबलबी गेलेली, कपॅसिटरबी. पयला काढला तवा दुसरा घावला. ते कसं विचारणार तुमी?"

मी दोन-तीन तऱ्हांनी वाक्य फिरवून पाहिलं. बसेना.

"हे इथं नाही विचारता येणार," मी म्हणालो. "ती मोटर आहे का अजून तुमच्याकडे?"

"हाय की. बिघडलेले पार्टबी ठेवल्यात."

"मग सोमवारी घेऊन या. पोरांच्या हातातच देऊ."

मी प्रश्न पुसला आणि कॉम्प्युटर बंद केला. ताई सोमवारी टेम्पोतून मोटर घेऊन आल्या. वीस मुलं तिच्याभोवती दुपारपर्यंत वाकून बसली होती.